काढत्या हार्ड डिस्क आणि आपल्या नोंदींचे रक्षण

चिकित्सालयात, औषधी दुकानात आणि फार्मसीत संगणक आता सहजपणे वावरतो. रुग्णपत्रके, साठ्याचे हिशेब, बॅचच्या नोंदी आणि लेबलांचे मसुदे त्यात साठत जातात. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांतील अनुसूची ‘टी’ सन २००० मध्ये लागू झाल्यापासून निर्मात्याला नोंदी ठेवण्याची निकड अधिकच जाणवते. असे असूनही या नोंदींची दुसरी प्रत किती जणांकडे आहे, हा प्रश्न प्रत्येकाने स्वतःस विचारावा.

अंबरनाथ व बदलापूर यांच्या मध्ये वसलेल्या चिखलोली परिसरास तर हा प्रश्न विशेष लागू पडतो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मि.मी. पाऊस झाला आणि उल्हास नदीच्या पुराने बदलापूर-कल्याण पट्टा वेढला गेला. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर-वांगणी दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस हजाराहून अधिक प्रवाशांसह पाण्यात अडकली. तळमजल्यावरील संगणक भिजला तर नवा विकत घेता येतो. दहा वर्षांची रुग्णपत्रके विकत मिळत नाहीत.

काढती डिस्क म्हणजे काय?

संगणकाच्या पेटीत कायम बसविलेल्या डिस्कऐवजी, कॅसेटप्रमाणे खाचेत घालता व काढता येणारी डिस्क म्हणजे काढती किंवा कार्ट्रिज डिस्क होय. सन १९८२ मध्ये स्थापन झालेल्या सायक्वेस्ट कंपनीने हा प्रकार रूढ केला. पुढे आयोमेगा कंपनीची १ जी.बी. क्षमतेची जॅझ (१९९५) आणि ३५ जी.बी.ची रेव्ह (२००४) आली. या प्रकारांत चकती कार्ट्रिजमध्ये, तर वाचणारे टोक यंत्रात असे. म्हणून यंत्र बिघडले आणि त्याचे उत्पादन थांबलेले असले, की सुस्थितीतील कार्ट्रिजही निरुपयोगी ठरे. सायक्वेस्ट १९९८ मध्ये दिवाळखोरीत गेली. रेव्हचेही उत्पादन पुढे बंद पडले.

त्याउलट आर.डी.एक्स. पद्धतीत अडीच इंची संपूर्ण हार्ड डिस्क, वाचणाऱ्या टोकासह, धक्का सोसणाऱ्या कवचात असते. आपल्याकडे लॅमिंग्टन रोडवर मिळणारे ‘मोबाईल रॅक’ हे याचेच साधे रूप होते. आज लहान व्यावसायिकाला यू.एस.बी. डॉक आणि दोन-तीन साध्या साटा डिस्क घेऊनही हेच काम साधता येते. अशी डिस्क कोणत्याही कंपनीच्या डॉकमध्ये वाचता येते, हा मोठा लाभ होय.

सुटेपणाचे महत्त्व

कायम जोडलेली प्रत ही खरी प्रत नव्हे. २७ जून २०१७ रोजी ‘नॉटपेट्या’ या घातक प्रणालीने मर्स्क या जहाज कंपनीचे जाळे ठप्प केले. न्हावा शेवा येथील तिच्या समूहाच्या टर्मिनलचे कामही विस्कळीत झाले. कंपनीच्या जाळ्याची माहिती राखणारे सर्व्हर एकमेकांशी जोडलेले असल्याने एकाच वेळी नष्ट झाले. घाना देशातील एक सर्व्हर मात्र वीज गेल्यामुळे त्या क्षणी जाळ्यापासून तुटलेला होता. तो वाचला आणि त्यावरूनच जाळे पुन्हा उभे करता आले. तेथे जे योगायोगाने घडले, ते आपण नियमाने घडवावे.

व्यवहारातील पद्धत

१) तीन डिस्क घ्याव्यात व त्यांवर क, ख, ग अशा चिठ्ठ्या लावाव्यात. एक कामाच्या जागी, दुसरी घरी वरच्या मजल्यावर आणि तिसरी दुसऱ्या गावी, पुराच्या पट्ट्याबाहेर ठेवावी. दर आठवड्यास कामाची व घरची डिस्क आणि दर महिन्यास गावची डिस्क बदलावी.

२) रात्री हिशेब मिटल्यावर डिस्क जोडावी, प्रत पूर्ण होताच संगणकास सूचना देऊन काढावी.

३) प्रत्येक प्रत तारखेच्या वेगळ्या फोल्डरात ठेवावी. बिघडलेली फाईल जुन्या चांगल्या फाईलवर चढली, तर बॅकअपच नष्ट होतो.

४) टॅलीतील हिशेबांचा बॅकअप तिच्यातील सोयीनेच घ्यावा. श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये टंकलेली लेबले जपताना ते फाँटही सोबत जपावेत. अन्यथा अक्षरे वाचता येणार नाहीत.

५) रुग्णांची माहिती खाजगी असते. डिस्क पासवर्डने कुलूपबंद करावी आणि तो पासवर्ड बंद पाकिटात अन्यत्र ठेवावा.

६) काढ्यांच्या भट्टीजवळ किंवा चूर्ण उडणाऱ्या पल्व्हरायझरशेजारी डिस्क ठेवू नये. पावसाळ्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावी.

७) तीन महिन्यांतून एकदा एखादे जुने रुग्णपत्रक व एक बॅच नोंद डिस्कवरून दुसऱ्या संगणकात उघडून पाहावी. जी प्रत कधी उघडलीच नाही, तिच्यावर विसंबू नये.

डिस्कलाही आयुष्य असते. काही वर्षांनी, ती चालू असतानाच, नव्या डिस्कवर नोंदी उतरवाव्यात. रोग झाल्यावर औषध शोधण्यापेक्षा निदानपरिवर्जन श्रेष्ठ, हे वैद्यवर्गास वेगळे सांगावयास नको. तेव्हा पुढील पावसाळ्यापूर्वी निदान पहिली डिस्क तरी दुसऱ्या छपराखाली पोहोचवावी.