ईएफचा आकडा घडतो कसा

हृदयविकाराच्या रुग्णाच्या घरात एक आकडा सगळ्यांना पाठ असतो. ‘ईएफ पस्तीस आली’, ‘आता पंचेचाळीस झाली’, अशी बोलणी चालतात. ईएफ म्हणजे इजेक्शन फ्रॅक्शन: भरलेल्या डाव्या निलयातले किती टक्के रक्त एका ठोक्यात बाहेर फेकले जाते, त्याचे प्रमाण. छातीत आयसीडी (झटका देऊन हृदयाचा जीवघेणा बिघडलेला ठोका सुधारणारे यंत्र) बसवायचे की नाही, केमोथेरपी चालू ठेवायची की थांबवायची, असे निर्णय त्यावर होतात. न्यूक्लिअर मेडिसिन विभागातला गॅमा कॅमेरा हा आकडा देतो तेव्हा तो निव्वळ मोजलेला आहे असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात तो काही अंशी मोजलेला आणि काही अंशी घडवलेला असतो. घडवण्याची रीत रिपोर्टात लिहिलेली नसेल, तर तो आकडा अपुरा आहे.

आधी ही रीत पाहू. शिरेतून दिलेले टेक्नेशियम-९९एम गॅमा किरण सोडते आणि कॅमेरा त्यांची एकेक करून नोंद घेतो. सहा तासांत निम्मे होणाऱ्या या द्रव्याची मात्रा बेतानेच द्यावी लागते, म्हणून नोंदीही मर्यादितच मिळतात. गेटेड स्पेक्ट या तपासणीत हे औषध हृदयाच्या स्नायूत बसते आणि ईसीजीच्या आधाराने प्रत्येक ठोक्याचे आठ किंवा सोळा भाग पाडले जातात. त्यामुळे प्रत्येक भागाच्या वाट्याला नोंदी आणखी कमी येतात. चित्र खरखरीत दिसते आणि ते गुळगुळीत करायला फिल्टर लागतो. फिल्टर कडक लावला की निलयाच्या भिंती पोकळीत पसरतात. आकुंचनाच्या क्षणी समोरासमोरच्या भिंती जवळ आलेल्या असतात, त्यामुळे पोकळी आहे त्याहून लहान दिसते आणि ईएफ फुगते. लहान हृदयात, म्हणजे बहुधा कमी चणीच्या स्त्रियांत, हा दोष सर्वांत ठळक असतो. ठोक्याचे आठच भाग केले तर उलटे घडते. आकुंचनाचा नेमका क्षण शेजारच्या क्षणांत मिसळतो आणि ईएफ सोळा भागांच्या मानाने साधारण ३-४ अंकांनी कमी येते.

मुगा या दुसऱ्या प्रकारच्या तपासणीत आकड्याचे हे घडवलेपण आणखी उघड दिसते. तिथे टेक्नेशियम तांबड्या पेशींना चिकटवतात आणि निलयातल्या रक्ताच्या प्रमाणात नोंदी मिळतात. मात्र निलयाच्या पुढच्या-मागच्या ऊतींतूनही किरण येतात. म्हणून बाजूला एक छोटा चौकोन आखून तेवढी ‘बॅकग्राउंड’ वजा करावी लागते. समजा, भरलेल्या निलयावर २०,००० नोंदी आहेत आणि आकुंचनानंतर १२,०००. बॅकग्राउंड ४,००० धरली तर उरतात १६,००० आणि ८,०००, म्हणजे ईएफ ५०. तोच चौकोन रक्ताने भरलेल्या प्लीहेवर सरकला आणि बॅकग्राउंड ७,००० आली, तर उरतात १३,००० आणि ५,०००, म्हणजे ईएफ जवळजवळ ६२. रुग्ण तोच, नोंदी त्याच, हृदयही तेच. डॉक्सोरुबिसिन किंवा ट्रास्टुझुमॅब ही कर्करोगावरची औषधे घेणाऱ्या रुग्णाची पहिली तपासणी ६२ दाखवून गेली आणि दुसरी योग्य चौकोनाने ५० आली, तर हृदयाला इजा झाल्याचा संशय येणार आणि आवश्यक उपचार विनाकारण थांबू शकणार.

यावर एक आक्षेप असा की आता सगळे स्वयंचलित आहे. लॉस एंजेलिसच्या सीडार्स-सायनाय रुग्णालयात ग्वीदो जर्मानो आणि सहकाऱ्यांनी १९९५ साली मांडलेल्या पद्धतीपासून भिंतींच्या कडा संगणकच शोधतो. ही प्रगती मोठी आहे, कारण तेच चित्र पुन्हा दिले तर तेच उत्तर मिळते. पण संगणकाला मिळणारे चित्र फिल्टरमधून आलेले असते. तो हाताचा कंप घालवतो, चित्रातला दोष घालवत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: हृदयाची ईएफ रोज थोडी बदलतेच, मग चार अंकांची चर्चा कशाला? ईएफ ६५ असेल तर खरोखरच गरज नाही. पण आयसीडीच्या निर्णयात ३५ ही रेषा असते आणि तिच्याजवळ चार अंक निर्णय फिरवू शकतात. शिवाय शरीराचे चढउतार दोन्ही दिशांनी होतात, तर सेटिंगमधला बदल आकडा बहुधा एकाच दिशेने ढकलतो. पुनःपुन्हा मोजून तो भरून निघत नाही.

मग सर्वत्र एकच फिल्टर सक्तीचा करावा का? मला ते पटत नाही. स्थूल रुग्णाच्या कमी नोंदींना जे मानवते ते सडपातळ रुग्णाचा तपशील पुसून टाकते, आणि कॅमेरेही एकसारखे नाहीत. गरज आहे ती सेटिंग लिहून ठेवण्याची. कोणता फिल्टर, त्याची कटऑफ किती, ठोक्याचे भाग किती, सॉफ्टवेअर कोणते, याला रिपोर्टात दोन ओळी पुरतात. मूळ नोंदी जपून ठेवल्या तर सॉफ्टवेअर बदलल्यावर जुनी तपासणीही नव्या सेटिंगने पुन्हा तपासता येते, आणि मगच दोन आकड्यांची तुलना न्याय्य होते. रुग्णांनी आणि नातेवाइकांनीही एवढे करावे: पुढची तपासणी शक्यतो त्याच केंद्रात, त्याच पद्धतीने करून घ्यावी, जुना रिपोर्ट सोबत न्यावा, आणि आकडा एकदम घसरलेला दिसला तर दोन्ही वेळच्या सेटिंग सारख्या होत्या का, हे डॉक्टरांना विचारावे.