स्वार्थाचे तत्त्वज्ञान आणि सामायिक पाणी

‘स्वार्थी’ हा शब्द मराठीत दूषण म्हणूनच वापरला जातो. कीर्तनकारापासून शाळेतील सुविचाराच्या फळ्यापर्यंत सर्वांनी परोपकाराची थोरवी इतक्या निष्ठेने गायिली आहे, की स्वतःच्या हिताचा उघड विचार करणाऱ्याला मनातल्या मनात अपराधी वाटावे. अशा संस्कारांत वाढलेल्या तरुणाच्या हाती आयन रँड यांची कादंबरी पडली, म्हणजे त्याला प्रथम धक्का बसतो आणि मग मोकळे वाटू लागते. ‘द फाउंटनहेड’ (१९४३) आणि ‘अ‍ॅटलस श्रग्ड’ (१९५७) या त्यांच्या दोन प्रमुख कादंबऱ्या मुग्धा कर्णिक यांच्या अनुवादांमुळे मराठीतही वाचता येतात. त्यांतून मांडलेल्या विचारसरणीला रँड यांनी वस्तुनिष्ठतावाद असे नाव दिले. व्यक्तिगत जीवनाचा मार्गदर्शक म्हणून ती कितपत पुरी पडते, हा प्रश्न केवळ तत्त्वज्ञांच्या चर्चेचा नाही. भाईंदरहून सकाळची लोकल पकडणाऱ्या कारकुनाच्या आणि पुढे काय शिकावे या विवंचनेत असलेल्या विद्यार्थ्याच्या जगण्याशीही त्याचा संबंध आहे.

रँड यांचा जन्म १९०५ मध्ये रशियातील सेंट पीटर्सबर्ग येथे झाला. वडील औषधविक्रेते होते. १९१७ च्या क्रांतीनंतर बोल्शेविकांनी लोकहिताच्या नावाखाली त्यांचे दुकान ताब्यात घेतले. १९२६ मध्ये अमेरिकेत गेलेल्या या लेखिकेने ‘समाजाचे हित’ या शब्दांकडे आयुष्यभर संशयाने पाहिले, त्याचे एक मूळ या अनुभवात आहे. त्यांचा सिद्धान्त थोडक्यात असा : वास्तव माणसाच्या इच्छेवर अवलंबून नाही, ते जाणण्याचे साधन केवळ बुद्धी, प्रत्येकाचे जीवन हे त्याचे स्वतःचे साध्य, दुसऱ्याचे साधन नव्हे, आणि म्हणून परस्परसंमतीच्या देवघेवीवर उभी असलेली निर्बंधमुक्त भांडवलशाही हीच नीतिमान व्यवस्था. या स्वार्थाचा अर्थ लुबाडणूक असा नाही, हे आधी स्पष्ट केले पाहिजे. फसवणूक, बळजबरी आणि दुसऱ्याच्या श्रमावर जगणे या तिन्ही गोष्टी रँड यांना सारख्याच निषिद्ध होत्या. सरकारदरबारी वशिला लावून धंदा करणारा उद्योगपती हा ‘अ‍ॅटलस श्रग्ड’चा नायक नसून खलनायक आहे.

मिरा-भाईंदरसारख्या शहरात या विचाराला मोठा आधार सापडावा. मिठागरे, भातशेती आणि उत्तनकडील कोळीवाडे हे या भागाचे मूळ रूप. १९८५ मध्ये येथे नगरपालिका आली, २००२ मध्ये महानगरपालिका झाली आणि २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या ८ लाखांच्या पुढे गेली. ही माणसे कोणाच्या दानावर येथे आली नाहीत. मुंबईतील जागा आवाक्याबाहेर गेल्यावर कर्जाचे हप्ते फेडत, रोज गर्दीत उभ्याने प्रवास करत त्यांनी येथे घरे केली. भाईंदर पूर्वेला स्टेनलेस स्टीलच्या भांड्यांचे लहानमोठे कारखाने उभे राहिले, तेही नफ्याच्या अपेक्षेनेच. या श्रमाला आणि या अपेक्षेला हलके लेखणारी नीती ढोंगी आहे, असे रँड बजावतात. घेतलेल्या मोलाचे पुरते मोल देणारा माणूस कोणाचाही अपराधी नाही, हे त्यांचे म्हणणे मान्य केलेच पाहिजे.

त्यांची दुसरी कामगिरी याहून मोलाची आहे. त्याग करावा असे सांगणारा बहुधा त्या त्यागाचे फळ घेणारा असतो, हे त्यांनी उघडे पाडले. भावाच्या फीसाठी बहिणीचे शिक्षण थांबवले जाते आणि त्याला तिचा समजूतदारपणा म्हणून गौरवले जाते. ‘लोक काय म्हणतील’ या भीतीने मुलगा नको ती विद्याशाखा निवडतो आणि त्याला आज्ञाधारकपणाचे प्रशस्तिपत्र मिळते. लादलेल्या त्यागाला सद्गुण म्हणू नये, स्वतःच्या बुद्धीने निर्णय घ्यावा आणि त्याचे परिणाम नशिबावर न ढकलता स्वतः सोसावेत, ही शिकवण आपल्या कुटुंबव्यवस्थेत औषधासारखी उपयोगी आहे.

परंतु औषध हे अन्न नव्हे. ज्या शहरात स्वावलंबनाचा हा अभिमान शोभून दिसतो, त्याच शहराचा नळ उघडला की प्रश्न निर्माण होतो. एवढ्या लोकवस्तीची तहान भागवील असा जलस्रोत मिरा-भाईंदरला स्वतःचा नाही. स्टेम प्राधिकरण आणि औद्योगिक विकास महामंडळ यांच्यामार्फत उल्हास नदीचे पाणी येथवर येते. ते अपुरे पडते म्हणून पालघर जिल्ह्यातील सूर्या धरणाचे पाणी आणण्याची योजना हाती घेण्यात आली. पाण्याचे बिल भरले, की देवघेव पूर्ण झाली असे रँड यांचा अनुयायी म्हणेल. पण धरणाखाली ज्यांची जमीन गेली त्यांच्याशी बिल भरणाऱ्याने कोणता करार केला होता? त्यांची संमती कोणत्या बाजारात घेतली गेली? नळ कमी पडला की सोसायटी टँकर मागवते. व्यवहार खासगी, रोखीचा आणि परस्परसंमतीचा. पण पाणी विहिरीचे असेल, तर त्याच भूजलावर शेजारच्या विहिरीही जगत असतात आणि त्यांच्या मालकांना कोणी विचारलेले नसते.

दुसरे उदाहरण पावसाळ्याचे. मिठागरे, पाणथळ जमिनी आणि खाडीकाठची खारफुटी भरतीचे व पावसाचे पाणी सामावून घेतात. एखाद्याने आपल्या मालकीच्या जमिनीवर भराव टाकला, तर त्याच्या दृष्टीने तो निव्वळ विवेकी स्वार्थ ठरतो. तेथून हटलेले पाणी मात्र शेजाऱ्याच्या तळमजल्यात शिरते. २६ जुलै २००५ च्या पावसाने मुंबई आणि उपनगरांना हा धडा फार मोठी किंमत घेऊन शिकवला. दोघांच्या सौद्याचा भार तिसऱ्यावर पडणे, याला अर्थशास्त्रात बाह्य परिणाम म्हणतात. रँड याला मालमत्तेवरील अतिक्रमण म्हणून न्यायालयाकडे बोट दाखवतील. परंतु भराव शेकडो आणि बाधित हजारो असतील, तेव्हा कोणाच्या भरावाचे पाणी कोणाच्या घरात आले, हे कोण सिद्ध करणार? तेथे आधीच घातलेला सामायिक नियम लागतो. आणि नियम म्हटला, की प्रत्येकाच्या स्वातंत्र्याला थोडी मुरड आलीच.

‘द फाउंटनहेड’मधील प्रसिद्ध प्रसंग या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखा आहे. आपल्या आराखड्यात परस्पर फेरफार केले म्हणून वास्तुशिल्पी हॉवर्ड रोर्क गरिबांसाठी बांधलेली, अजून कोणी राहायला न आलेली वसाहत सुरुंगाने उडवून देतो. न्यायालयातील त्याचे भाषण वाचकाला भारावून टाकते. पण त्या घरांची वाट पाहणाऱ्या कुटुंबांपैकी कोणालाही कादंबरीत साक्षीला बोलावलेले नाही. घराचा ताबा मिळण्याच्या प्रतीक्षेत एकीकडे भाडे आणि दुसरीकडे हप्ता भरणाऱ्या येथील वाचकाला ही अनुपस्थिती जाणवल्यावाचून राहणार नाही.

खुद्द रँड यांचे आयुष्यही त्यांच्या सिद्धान्ताहून मोठे होते. अमेरिकेत पोचल्यावर त्यांना पहिला आसरा दिला तो शिकागोतील नातेवाइकांनी. कोकणातून आलेल्या तरुणाला गिरणगावातील गावकरी मंडळाच्या खोलीत पथारीपुरती जागा मिळत असे, त्यासारखेच हे. माणूस जन्मतःच व्यापारी नसतो. भाषा, पहिली अक्षरे आणि आजारपणातील शुश्रूषा त्याला मोल दिल्यावाचून मिळते, आणि वार्धक्यात तो पुन्हा तसाच परावलंबी होतो. रँड यांच्या कादंबऱ्यांत लहान मुले, रोगी आणि वृद्ध यांना फारसे स्थान नाही, हा योगायोग नव्हे. प्रिय माणसासाठी केलेले कष्ट हाही स्वार्थच, असे त्या म्हणतात. पण प्रेम नसतानाही जे देणे लागते, त्याला त्या कर्तव्य म्हणायला तयार नाहीत.

अर्थव्यवहारातही या श्रद्धेची परीक्षा झाली. तरुणपणी रँड यांच्या निकटच्या वर्तुळात असलेले अ‍ॅलन ग्रीनस्पॅन १९८७ ते २००६ या काळात अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचे प्रमुख होते. स्वहितापोटी बँका आपल्या भागधारकांचे रक्षण करतील, हा आपला विश्वास चुकला, अशी कबुली त्यांना ऑक्टोबर २००८ मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढे द्यावी लागली.

बुद्धिप्रामाण्य आणि व्यक्तिस्वातंत्र्य यांची दीक्षा घेण्यासाठी मराठी माणसाला अमेरिकेकडेच पाहावे लागते असे नाही. मिल आणि स्पेन्सर वाचलेल्या गोपाळ गणेश आगरकरांनी १८८८ मध्ये ‘सुधारक’ काढून रूढीच्या विरोधात व्यक्तीची बाजू घेतली. हयातीतच स्वतःची प्रेतयात्रा निघालेली पाहूनही ते डगमगले नाहीत. रोर्कला लाजवील असा हा ताठपणा. पण गरिबीतून एम. ए. झालेल्या या माणसाने मोठ्या पगाराच्या नोकरीकडे पाठ फिरवली आणि तुटपुंज्या वेतनावर शिक्षणाचे काम पत्करले. हा त्याग कोणी लादलेला नव्हता. स्वतःच्या बुद्धीने निवडलेला होता. स्वतंत्र बुद्धीचा शेवट स्वार्थातच झाला पाहिजे हा रँड यांचा निष्कर्ष अटळ नाही, हे सिद्ध करण्यास आगरकरांचे एकोणचाळीस वर्षांचे आयुष्य पुरेसे आहे.

तात्पर्य, वस्तुनिष्ठतावादाचा पूर्वार्ध स्वीकारावा आणि उत्तरार्ध तपासून घ्यावा. बुद्धी गहाण टाकू नये, फुकटचे खाऊ नये, दुसऱ्याच्या त्यागावर आपले सुख उभारू नये, हे पथ्य प्रत्येकाने स्वतःपुरते कडकपणे पाळावे. मात्र हीच मोजपट्टी दुर्बळाला लावण्यापूर्वी आपल्यापर्यंत पाणी कोणत्या गावावरून आले, याचा एकदा हिशेब करावा. जे न कमावता मिळाले, त्याची परतफेड ही भीक नव्हे आणि उपकारही नव्हे. ती जुनी थकबाकी आहे, आणि थकबाकी बुडवणारा रँड यांच्याही लेखी प्रामाणिक ठरत नाही.