सोलापुरी उच्चार आणि नटाचा रोजगार

रंगभूमी, चित्रपट आणि दूरचित्रवाणी या क्षेत्रांत काम मिळविणे कठीण का, या प्रश्नाला बहुधा तीन उत्तरे दिली जातात : ओळखीचा अभाव, पैशाचा अभाव आणि मुंबई-पुण्यापासूनचे अंतर. ही तिन्ही उत्तरे खरी आहेत. परंतु सोलापूरसारख्या सीमावर्ती व बहुभाषिक शहरातून या व्यवसायात जाऊ पाहणाऱ्या नटापुढे आणखी एक अडचण उभी असते, आणि तो तोंड उघडताच ती प्रकट होते. ती अडचण म्हणजे त्याचा उच्चार. तिची चर्चा क्वचितच होते, कारण तिला अडचण न म्हणता उणीव म्हणण्याची सवय सर्वांना जडली आहे. ही उणीव आहे काय, याचा भाषाशास्त्राच्या दृष्टीने विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१. व्यवसायाची घडण

नटाला मासिक वेतन नसते. व्यावसायिक नाटकात प्रयोगागणिक ‘नाइट’ मिळते. मालिकेत दिवसाच्या हिशेबाने मोबदला ठरतो, आणि तो हाती पडण्यास पुष्कळदा तीन महिने लागतात. तमाशाच्या फडात हंगामापूर्वी उचल घ्यावयाची आणि हंगामभर नाचून-गाऊन ती फेडावयाची, असा प्रघात आहे. तिन्ही ठिकाणी दोन कामांमधील रिकामा काळ नटाने आपल्या खर्चाने काढावा लागतो. ज्याचे घर मुंबईत आहे त्याला तो कसाबसा निभावता येतो. ज्याला अंधेरीत खाट भाड्याने घ्यावी लागते त्याला तो निभावत नाही.

सोलापूर मुंबईपासून सुमारे ४०० किलोमीटर दूर आहे. रात्रीच्या सिद्धेश्वर एक्स्प्रेसने जावे, दिवसभर निवडचाचणीसाठी ताटकळावे आणि पुन्हा रात्रीच्या गाडीने परतावे, यात दोन रात्री व एका दिवसाची मजुरी जाते. हल्ली भ्रमणध्वनीवर चित्रित केलेली चाचणी घरबसल्या पाठविता येते, त्यामुळे पहिला प्रवास वाचतो. परंतु त्याबरोबर उच्चाराचे महत्त्वही वाढले आहे. समोर उभ्या असलेल्या नटाची देहबोली, त्याची रंगमंचावरील वावरण्याची रीत पाहता येते; अर्ध्या मिनिटाच्या चित्रफितीत मात्र चेहरा आणि बोलणे एवढेच उरते.

सोलापुरात नाट्यकलेची उणीव नाही. हुतात्मा स्मृती मंदिरात नाट्यप्रयोग होतात, हौशी संस्था राज्य नाट्य स्पर्धेत उतरतात. मात्र हौशी रंगभूमी अनुभव देते, उपजीविका देत नाही.

२. बोलीची घडण

सोलापूरच्या गिरण्यांनी व हातमागांनी तेलुगू भाषक विणकर येथे आणले. अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूर या भागांत कन्नड घराघरांत बोलली जाते. मुस्लिम वस्त्यांतून दक्खिनी ऐकू येते. या सर्वांची बाजारातील समाईक भाषा मराठी आहे. साहजिकच तिच्यावर सर्वांचे ठसे उमटले आहेत. असा भाषासंकर विस्कळीत नसतो, त्याला व्यवस्था असते. सांगलीजवळील कुपवाड येथील मराठी, कन्नड व उर्दू यांचा अभ्यास गंपर्झ आणि विल्सन यांनी १९७१ मध्ये प्रसिद्ध केला. शब्द निरनिराळे राहूनही या भाषांची वाक्यरचना परस्परांच्या अगदी जवळ आली आहे, असे त्यांनी दाखविले.

सोलापुरी मराठीची दोन वैशिष्ट्ये उदाहरणादाखल घेता येतील. प्रमाण मराठीत ‘च’ दोन प्रकारचा आहे : ‘चार’ मधील तालव्य आणि ‘चाक’ मधील दंततालव्य. कन्नडमध्ये हा दुसरा प्रकार नाही. म्हणून कन्नड मातृभाषा असलेला मनुष्य ‘चाक’, ‘चोर’ या शब्दांतही तालव्य ‘च’ उच्चारतो. दुसरे वैशिष्ट्य क्रियापदाचे. प्रमाण मराठीतील ‘करतो आहे’ याऐवजी येथे, तसेच लगतच्या मराठवाड्यात, ‘करायलाय’ यासारखी रूपे येतात. ती ‘करायला’ आणि ‘आहे’ यांच्या संयोगाने सिद्ध झाली आहेत. उत्तर कर्नाटकातील कन्नडातही चालू क्रिया सांगण्याची अशीच रीत आढळते. ‘बे’, ‘लेका’ ही संबोधने आणि वाक्याच्या शेवटाचा विशिष्ट हेल यांची भर घातली म्हणजे सोलापूरकर ओळखू येतो.

यांत अशुद्ध असे काही नाही. उच्चाराची प्रतिष्ठा ध्वनीत नसते, ती बोलणाऱ्याच्या सामाजिक स्थानात असते. लबाव यांनी १९६२ मध्ये न्यूयॉर्कच्या तीन दुकानांत विक्रेत्यांचा ‘र’ तपासला. दुकान जितके महागडे तितका तो अधिक स्पष्ट उच्चारला जात होता. मराठी रंगभूमीवर पुण्या-मुंबईच्या सुशिक्षित वर्गाच्या उच्चाराला असेच मोल आले.

३. उच्चाराचे दार

बोलपट येईपर्यंत पडद्याला उच्चाराची पर्वा नव्हती. १९३१ मध्ये ‘आलम आरा’ व १९३२ मध्ये मराठी ‘अयोध्येचा राजा’ प्रदर्शित झाला आणि नटाचे मूल्यमापन कानाने होऊ लागले. मूकपटांतील आघाडीच्या नटी सुलोचना, म्हणजे रूबी मायर्स, यांनाही हिंदुस्थानी शिकण्यासाठी काही काळ थांबावे लागले. सोलापुरात १९३२ मध्ये जन्मलेल्या शशिकला जवळकर वडिलांचा व्यवसाय बुडाल्यावर कामाच्या शोधात मुंबईला आल्या. नूरजहाँ यांच्या ओळखीमुळे ‘झीनत’ (१९४५) मधील कव्वालीच्या दृश्यात त्यांना प्रवेश मिळाला. ओळख, गरज आणि स्थलांतर या तिन्ही गोष्टी त्या एका उदाहरणात एकत्र दिसतात.

अलीकडे या दारात बदल झाला आहे. करमाळा तालुक्यातील जेऊरचे नागराज मंजुळे यांनी ‘फँड्री’ (२०१३) व ‘सैराट’ (२०१६) या चित्रपटांत आपल्याच परिसरातील बोली व माणसे आणली. ‘फँड्री’तील सोमनाथ अवघडे आणि ‘सैराट’मधील अकलूजच्या रिंकू राजगुरू यांची राष्ट्रीय पुरस्कारांत दखल घेतली गेली. ‘सैराट’च्या २०१७ मधील कन्नड आवृत्तीतही नायिका त्याच होत्या. जी बोली झाकावयास सांगितले जाई तीच येथे कलाकृतीचे बळ ठरली.

तथापि येथे एक नवा धोका संभवतो. बोली येणाऱ्या नटाला केवळ बोलीच्याच भूमिका मिळतात. वकील, डॉक्टर, प्राध्यापक यांची पात्रे प्रमाण उच्चाराच्या नटाकडे जातात. वस्तुतः सोलापुरातील डॉक्टर घरी सोलापुरीच बोलतो. उलटपक्षी, ग्रामीण पात्रासाठी पुष्कळदा असा नट घेतला जातो की ज्याची ‘गावरान’ भाषा महाराष्ट्राच्या कोणत्याच जिल्ह्याची नसते. म्हणजे बोलीला मागणी येऊनही बोली बोलणाऱ्याला काम मिळेलच असे नाही.

४. दुभाषिकता हे भांडवल

या कोंडीतून वाट कोणती? आपली बोली टाकणे हा मार्ग नव्हे, आणि प्रमाणभाषा नाकारणे हाही नव्हे. सोलापूरचा इतिहास तिसरी वाट दाखवितो. येथील शाहीर राम जोशी (१७६२–१८१२) यांच्या रचनांत मराठीबरोबर संस्कृत व कन्नडही आढळते. सोलापूरच्या फैयाज यांनी ‘कट्यार काळजात घुसली’ (१९६७) मधील झरीना साकारली आणि २०१५ मध्ये बेळगावच्या नाट्यसंमेलनाचे अध्यक्षपद भूषविले. सोलापुरात वाढलेले व येथील ‘नाट्य आराधना’ संस्थेतून घडलेले अतुल कुलकर्णी राष्ट्रीय नाट्य विद्यालयात गेले. पुढे त्यांनी मराठी व हिंदीखेरीज कन्नड, तेलुगू, तमिळ अशा भाषांतील चित्रपटांत कामे केली आणि साहाय्यक भूमिकांसाठी दोनदा राष्ट्रीय पुरस्कार मिळविला.

लहानपणापासून दोन-तीन भाषांत वावरलेल्या माणसाचा कान ध्वनिभेदाला सरावलेला असतो. म्हणून उच्चारशिक्षणाची पद्धत बदलली पाहिजे. ‘तुझा च चुकीचा आहे’ असे सांगण्याऐवजी ‘हे दोन च आहेत, कोठे कोणता, ते ऐक’ असे शिकविल्यास विद्यार्थी दुसरा ध्वनी मिळवितो आणि पहिला गमावत नाही. महाविद्यालयीन नाट्यवर्गांत ध्वनिविचाराचे प्राथमिक शिक्षण द्यावे आणि जिल्ह्यातील बोलींचे ध्वनिमुद्रण करून ठेवावे, ही कामे अल्प खर्चात होण्याजोगी आहेत. बोलीचे अचूक ज्ञान असणाऱ्याला इतर नटांना बोली शिकविण्याचे कामही मिळू शकते. दोन भूमिकांमधील रिकाम्या काळात त्याचा आधार होईल.

यामुळे प्रवासाचे भाडे कमी होणार नाही, की थकलेले मानधन लवकर मिळणार नाही. त्या अडचणींचे उपाय भाषाशास्त्राच्या बाहेर आहेत. परंतु होतकरू नट आपल्या तोंडची भाषा लपविण्यात जी शक्ती व्यर्थ घालवितो, ती त्याला भूमिकेवर खर्च करता येईल. आणि काम न मिळाल्यास त्याचा दोष स्वतःच्या जिभेला देण्याची पाळी त्याच्यावर येणार नाही.