हात लावा, उदो म्हणा! धाराशिवचा लाइट-अँड-साउंड धमाका

इंटरॅक्टिव्ह इन्स्टॉलेशन म्हटलं की काय आठवतं? काळोखी गॅलरी, निळे एलईडी, हात लावला की 'टुंग' करणारी भिंत. कूल! पण जरा धाराशिव जिल्ह्याकडे गाडी वळवा. इथं हा खेळ वीज यायच्या आधीपासून हाऊसफुल्ल आहे.

माहीत आहे का? देवीपुढे घालतात त्या गोंधळाचे दोन प्रकार सांगतात: काकड्या गोंधळ आणि संबळ गोंधळ. एकाचं नाव पेटत्या काकड्यावरून, दुसऱ्याचं वाद्यावरून. एक लाइट, एक साउंड. पॅकेज तयार!

संबळ जवळून बघितलाय कधी? कमरेला बांधलेली वाद्यांची जुळी जोडी; एकीचा आवाज खर्जातला, दुसरीचा चढा. हातात दोन काठ्या, त्यातली एक टोकाला वाकडी. बाजूला तुणतुणं, झांज आणि तेल पिऊन धगधगणारी दिवटी. गोंधळी एकेका गावच्या देवाला नावानिशी बोलावतो आणि समोरून 'उदो' यावाच लागतो. नुसते मोबाइल वर धरून बसलात तर रंग चढायचा नाही. इथं स्विच म्हणजे तुम्हीच!

आणि हे तुणतुणं आलं कुठून? दंतकथा भारी आहे. परशुरामानं बेटासुर नावाच्या दैत्याला मारलं, त्याच्या शिराचं वाद्य केलं आणि ते वाजवत आई रेणुकेला वंदन केलं. हॉरर ते म्युझिकल, एका झटक्यात!

तुळजाभवानीच्या देवळातला चिंतामणी माहीत आहे का? गोल दगड. त्यावर दोन्ही हात ठेवायचे, मनात प्रश्न धरायचा. दगड उजवीकडे फिरला तर होकार, डावीकडे फिरला तर नकार, अशी श्रद्धा. टचस्क्रीनवाल्यांनो, नंबर लावा!

नवरात्राच्या तोंडावर तर लाइट थेट पळायलाच लागतो. गावोगावची पोरं तुळजापुरात ज्योत पेटवतात आणि हातोहात बदलत, धावत गावी नेतात. रस्ताभर जयघोष. स्टेजची लांबी? तुमचं गाव जितकं लांब तितकी.

आता चला नळदुर्गला. बोरी नदी आहे, पण बोअर नाही हं! किल्ल्यातच नदीला बांध घातलाय आणि त्या बांधाच्या पोटात आहे पाणीमहाल. सन १६१३ च्या सुमाराचं काम, दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळातलं. बांध भरला की पाणी 'नर' आणि 'मादी' अशा दोन वाटांनी धाडकन खाली झेपावतं, कानात दुसरं काही शिरत नाही, आणि महालात उभा माणूस मात्र कोरडा. ना प्रोजेक्टर, ना स्पीकर. माझ्या मते जिल्ह्यातला नंबर वन शो हाच!

हा इब्राहिम भलताच गाणंवेडा. 'किताब-ए-नवरस' हा गीतसंग्रह त्याचाच. त्याच्या तंबोऱ्याला नाव होतं, मोतीखान! हत्तीचं नाव आतशखान. म्हणजे आगखान! बापानं पाणी गाजवलं, तर पोरगा मुहम्मद आदिलशहा प्रतिध्वनीच्या मागे. विजापूरचा गोलघुमट त्याचाच. सज्जाच्या एका टोकाला कुजबुजा, पलीकडच्याला ऐकू जातं. गुपितं सांगायला चुकूनही जाऊ नका.

बरं, ऐतिहासिक वास्तूवर दिवे-आवाज खेळवायचा आधुनिक 'शो' कुठून निघाला? फ्रान्समधल्या शांबोर महालात, १९५२ साली. कल्पना पॉल रोबेर-उदँ यांची. आडनाव ओळखीचं वाटतंय? त्यांच्या घराण्यातल्या नामांकित जादूगाराच्या नावावरूनच हुडिनीनं स्वतःचं नाव घेतलं. छू मंतर!

आता तुमची टर्न. संबळावर थाप पडली की दिवे लागावेत, असं काही करायचंय? पायझोची पितळी चकती आणा. बझरमध्ये असते तीच, रुपयाच्या नाण्याएवढी, दोन वायरींची. दाब पडला की ती वीज सोडते. ही करामत १८८० मध्ये झाक आणि पिएर क्युरी या भावांनी दाखवली. मेरी क्युरीबाईंची एंट्री नंतरची. चकती संबळाच्या पानाच्या (म्हणजे ताणलेल्या कातड्याच्या) कडेला चिकटवा, तिला समांतर एक मेगाओहमचा रेझिस्टर जोडा आणि वायरी आर्डुइनो या दिवे चालवणाऱ्या छोट्या सर्किट बोर्डाला द्या. जोरात थाप, जास्त उजेड. हळू थाप, मंद उजेड. (आर्डुइनो हे नाव इटलीतल्या एका बारचं, बरं का. चिअर्स!)

पण सावधान! मीटरला ६० एलईडींची पाच व्होल्टवाली रंगीत पट्टी पूर्ण पांढरी पेटली तर मीटरमागे साडेतीन अँपिअरच्या आसपास खाते. पाच मीटर लावलीत तर जवळपास १८ अँपिअर. मोबाइलच्या चार्जरवर भागवायला गेलात तर तुमच्या शोचा खराखुरा 'गोंधळ'!

आणि स्पीकर लांब टांगू नका. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटरच धावतो. स्पीकर ३४ मीटरवर गेला की सेकंदाचा दहावा भाग उशीर. उजेड आधी, थाप मागून. वीज चमकून गडगडाट ऐकू येतो, तसलं!

नळदुर्गचा शो बघायचाय? सोलापूर-हैदराबाद हायवेवरच आहे. तारीख मात्र बोरी ठरवणार. पाऊसकाळ जोरात झाला, 'नर-मादी सुरू झाले' अशी बातमी आली की निघा. गर्दी असेल, पाय घसरेल, चपला पकड असलेल्या घाला.