जागलीत थंडी खालून लागते. बाजेवर, झोळीत कोणता फोम टाकावा?

मुकुटबन : हरभरा, गहू वर आला की रानडुकरांपासून पीक राखायला झरी जामणी तालुक्यातले शेतकरी रात्री जागलीला जातात. मचाणावर, बाजेवर किंवा झोळीत झोपताना अंगावर दोन ब्लँकेट असले तरी पाठ गारठतेच. कारण ऊब कापड देत नाही, कापडात अडकलेली हवा देते. अंगाखालची गोधडी वजनाने दबते, हवा निघून जाते आणि खालचा वारा सरळ पाठीला लागतो. म्हणून पांघरूण वाढवण्यापेक्षा खाली फोम टाका.

फोम घेताना हे पाहा :

- तुकडा पाण्यात बुडवून पिळा. पाणी प्यायला तर तो स्पंज. तो दवाने भिजतो, वजनाने चपटा होतो. तो नको.
- पाणी न पिणारा, बंद बुडबुड्यांचा फोम घ्या. टीव्ही-फ्रीजच्या पॅकिंगमधला पांढरा मऊ फोम याच जातीचा. कडक थर्माकोल मात्र तुटतो.
- जाडी 10 ते 12 मिमी ठेवा. पातळ असेल तर दोन थर करा.
- रुंदी खांद्यापेक्षा जास्त हवी. झोळीत खांदे कापडाला टेकतात, तिथे एक आडवा तुकडा लावा. फोम सरकू नये म्हणून सुतळीने बांधा.

फोम लवकर पेटतो, धूरही विषारी असतो. शेकोटी, बिडी त्यापासून लांबच ठेवा.

थंडी सोसवली नाही की माणूस खाली उतरून शेकोटीजवळ जमिनीवरच आडवा होतो. वाघाचा वावर असलेल्या या भागात तेच जिवावर बेतू शकते. पाठ गरम राहिली तर खाली उतरायची वेळच येत नाही.