नोकरीचा अर्ज लिहिताना

मैत्रिणींनो, उन्हाळ्याची सुट्टी संपत आली, की आमच्याकडे संध्याकाळी एक-दोघीजणी येतातच. हातात पिशवी, पिशवीत गुणपत्रिका, आणि एकच म्हणणं, "ताई, तेवढा अर्ज लिहून द्या ना!" मी काही फार शिकलेली नाही. बी. ए. झाले, घर सांभाळून बालवर्गाला अर्धवेळ शिकवते. पण जामनेरसारख्या गावात पतसंस्थेत, दवाखान्यात किंवा जिनिंगच्या हिशेबाला माणूस हवं असलं, की ते तोंडातोंडीच कळतं आणि अर्ज उद्याच द्यायचा असतो. मग त्या तरी कुणाकडे जाणार?

आपल्याकडे बायोडाटा म्हटला, की आधी लग्नाचाच आठवतो. त्यामुळे नोकरीच्या कागदावरसुद्धा उंची, रंग, मामाचं गाव आणि मिस्टरांचा व्यवसाय येऊन बसतो. एकीने तर वर गणपतीचं चित्र छापून आणलं होतं. अहो, बाप्पा पाठीशी असू द्या, पण वाचणाऱ्याला हवं असतं ते एवढंच, की तुम्ही कोण, तुम्हाला काय येतं आणि कामावर कधीपासून येऊ शकाल. हे सगळं एका पानात मावतं.

दुसऱ्यांना सांगते खरी, पण माझा स्वतःचा पहिला अर्ज आठवला, की आजही कान तापतात. "घरची परिस्थिती बेताची आहे, तरी कृपा करून मला नोकरी द्यावी, मी आपली आजन्म ऋणी राहीन," असं मी लिहिलं होतं. मुख्याध्यापकांनी तो वाचला, चष्मा काढला आणि शांतपणे म्हणाले, "बाई, तुमची अडचण कळली. पण तुम्ही मुलांना काय शिकवाल, ते यात कुठे आहे?" जागा अर्थातच दुसरीला मिळाली. घरी येऊन मी रडले. मग लक्षात आलं, की चार वर्षं मी घरी शिकवण्या घेत होते, आणि त्याबद्दल अर्जात एक ओळ नव्हती!

आपल्या बायकांचं घोडं अडतं ते नेमकं इथेच. "तुम्हाला काय येतं?" विचारलं, की उत्तर ठरलेलं, "काही नाही हो, घरीच असते." मग मी खोदून विचारते. बचतगटात आहात? हो. सचिव कोण? मीच. बैठकीचं इतिवृत्त कोण लिहितं? मीच. कुणी किती कर्ज घेतलं, व्याज किती आलं, कोण बघतं? तेही मीच. बँकेत कोण जातं? मी आणि अध्यक्षा. आता सांगा, याला काही नाही म्हणायचं का? अर्जात लिहा, 'बारा महिलांच्या बचतगटाचे सचिवपद चार वर्षे सांभाळले. हिशेबवह्या, इतिवृत्त व बँकेचे व्यवहार पाहिले.' आकडे खरे असू द्या, म्हणजे समोरच्याने उलटसुलट विचारलं तरी तुम्ही अडखळणार नाही.

शेजारच्या असोद्यात जन्मलेल्या बहिणाबाईंना अक्षरओळख नव्हती. सोपानदेवांनी आणि घरच्यांनी त्यांची गाणी कागदावर उतरवून घेतली, म्हणून त्या गेल्यानंतर १९५२ साली त्यांचं पुस्तक निघालं. आपल्याला तर लिहिता येतं, मग स्वतःचं काम आपणच लिहायला काय हरकत आहे?

मुलं लहान होती म्हणून मधली सात-आठ वर्षं घरी गेली असतील, तर ती लपवू नका. 'या काळात कुटुंबाची जबाबदारी होती' असं एका ओळीत लिहा आणि पुढे चला. लपवलेलं वर्ष गुणपत्रिकेच्या तारखेवरून चटकन कळतं आणि मग खरी गोष्टही खोटी वाटायला लागते.

बायोडाट्याबरोबर चार-पाच ओळींचं पत्र हवंच. असं काहीतरी लिहा: 'आपल्या संस्थेत लिपिकाची जागा असल्याचे समजले. मी बी. ए. असून मराठी टंकलेखनाची ३० शब्द प्रतिमिनिट ही शासकीय परीक्षा व एमएस-सीआयटी उत्तीर्ण आहे. बचतगटाचे हिशेब चार वर्षे लिहीत आहे. जामनेरहून रोज एसटीने जळगावला ये-जा करण्याची तयारी आहे. भेटीची संधी द्यावी, ही विनंती.' यातली एसटीची ओळ गाळू नका. बाई लांबून कशी येणार, ही शंका समोरच्याला आधी येते, तोंडाने तो विचारो वा न विचारो.

आता नावाचा घोळ. दहावीचं प्रमाणपत्र वडिलांच्या नावाने, आधार कार्ड नवऱ्याच्या, आणि पासबुकात तिसरंच स्पेलिंग! अर्जात सध्याचं नाव लिहून पुढे माहेरचं नाव द्या आणि विवाह नोंदणीच्या दाखल्याची प्रत जोडा. काही ठिकाणी राजपत्रातली नोंद मागतात. तो अर्ज हल्ली ऑनलाइन करता येतो. पण वेळ लागतो, म्हणून जागा निघण्याची वाट न पाहता आत्ताच करून ठेवा. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बाळांच्या नावात महाराष्ट्रात सरकारी कागदांवर आईचं नाव लावणं सक्तीचं झालं आहे. चांगलंच झालं, पण आईच्या स्वतःच्या नावाचा गुंता अजून तिलाच सोडवावा लागतो.

झेरॉक्स प्रतींवर स्वतःच सही करा. राज्य सरकारने २०१५ पासून स्वयंसाक्षांकन मान्य केलंय, शिक्क्यासाठी ताटकळायला नको. मूळ प्रमाणपत्रं दाखवायची आणि लगेच पिशवीत घालायची, कुणाकडे ठेवून यायची नाहीत. आणि नोकरीसाठी आधी पैसे भरा म्हणणाऱ्याच्या दारावरूनच परत फिरा.

फोन नंबर मात्र स्वतःचा द्या हं! आमच्या शेजारच्या वहिनींनी गेल्या वर्षी मिस्टरांचा नंबर दिला होता. फोन आला तेव्हा ते शेतात कपाशीवर फवारणी करत होते. "बरं, सांगतो," म्हणाले आणि तिसऱ्या दिवशी जेवताना त्यांना आठवलं. मुलाखती आदल्याच दिवशी होऊन गेल्या होत्या. वहिनी कुणाला काही बोलल्या नाहीत, ताट उचलून आत गेल्या. यंदा त्यांनी नवीन सिमकार्ड घेतलं आहे. परवा मी गेले, तर पोळ्या चालल्या होत्या आणि मोबाइल ओट्यावर पिठाच्या डब्याला टेकवून ठेवलेला होता.