मुदत सरलेली डोमेन-नावे आणि त्यांचे लिलाव

गेल्या वर्षी आमच्या विभागातील एका विद्यार्थिनीचा प्रबंध तपासत असता एका तळटीपेपाशी आम्हास थांबावे लागले. टीपेत एका बोलीच्या शब्दसंग्रहाचे संकेतस्थळ निर्दिष्ट केले होते. ते उघडून पाहता शब्दसंग्रहाच्या जागी जुगाराची जाहिरात पुढे आली. विद्यार्थिनीचा यात काहीच दोष नव्हता. तिने शब्द उतरून घेतले त्या दिवशी तेथे शब्दसंग्रहच होता. पत्त्यातील एकही अक्षर बदलले नव्हते. बदलला होता तो पत्त्याचा धनी. असे कसे घडते, कोणत्या नियमांच्या आधारे घडते आणि संशोधन करणाऱ्यांशी त्याचा काय संबंध पोहोचतो, याची थोडी माहिती अभ्यासकांपुढे ठेवावी, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

महाजालावरील यंत्रे परस्परांना अंकांच्या पत्त्यांनी ओळखतात. अंक माणसाच्या ध्यानात राहत नाहीत, म्हणून 1983 साली पॉल मॉकापेट्रिस यांनी नावावरून अंक शोधून देणारी एक व्यवस्था रचली. नाव आणि स्थळ यांची सांगड या व्यवस्थेत केवळ एका नोंदीने घातलेली असते. शब्द आणि अर्थ यांचा संबंध मीमांसकांनी नित्य मानला आणि नैयायिकांनी संकेतमूलक मानला, हे आपण जाणतोच. डोमेन-नावांपुरता तरी हा वाद नैयायिकांच्या बाजूने सुटलेला आहे. येथील संकेत शुल्कावर चालतो आणि शुल्क थांबले की संबंधही तुटतो. 1995 च्या सप्टेंबरपर्यंत नोंदणीस पैसे पडत नसत. त्या महिन्यापासून वर्षाला 50 डॉलर आकारणी सुरू झाली आणि मुदत संपणे ही गोष्ट खऱ्या अर्थाने अस्तित्वात आली.

‘नाव विकत घेतले’ असे आपण सर्रास म्हणतो, पण ते यथार्थ नव्हे. नाव पट्ट्याने मिळते, आणि एका वेळी अधिकात अधिक दहा वर्षांसाठी मिळते. मूळ नोंदवही सांभाळणारी संस्था म्हणजे रजिस्ट्री; .कॉम नावांची नोंदवही व्हेरिसाइन या कंपनीकडे आहे. आपला व्यवहार मात्र मधल्या अडत्याशी, म्हणजे रजिस्ट्रारशी होतो. 2024 च्या सप्टेंबरात व्हेरिसाइनने रजिस्ट्रारांकडून घ्यावयाचा दर नावामागे वर्षाला 10.26 डॉलर केला. हा आकडा ध्यानात ठेवावा, कारण लिलावातील किमतींशी त्याचे काहीच प्रमाण नसते.

.कॉम, .ऑर्ग, .नेट अशा सर्वसाधारण नावांची मुदत संपल्यावर पुढील क्रम लागतो. मुदत संपताच रजिस्ट्रीच्या दफ्तरी नाव आपोआप एक वर्षाने पुढे ढकलले जाते आणि रजिस्ट्रारला 45 दिवसांपर्यंतची सवलत मिळते. तेवढ्या अवधीत त्याने नाव रद्द केले तर भरलेले शुल्क त्याला परत मिळते. या अवस्थेत सार्वजनिक नोंदीत पुढील वर्षाची तारीख दिसू लागते. ती पाहून पुष्कळजण निर्धास्त होतात, आणि येथेच फसगत होते. ती तारीख रजिस्ट्री व रजिस्ट्रार यांच्यामधल्या हिशेबाची असते; धन्याच्या हक्काशी तिचा संबंध नसतो. नाव रद्द झाले की 30 दिवसांची सोडवणुकीची मुदत सुरू होते. गहाण सोडवावे तसे मूळ धन्यास नाव सोडवून घेता येते, मात्र दंडवजा शुल्क भरावे लागते. त्यानंतरचे पाच दिवस कोणाच्याच हाती काही नसते. पाच दिवस सरले की नोंद पुसली जाते आणि नाव जगात कोणालाही घेता येते. देशवाचक नावांना, उदाहरणार्थ .इन ला, ज्याचे त्याचे नियम असतात; वरील क्रम त्यांना जसाच्या तसा लावू नये.

धन्यास सूचना मिळत नाही असे नाही. नावांच्या व्यवस्थेवर देखरेख करणाऱ्या आयकॅन या संस्थेच्या नियमाप्रमाणे मुदतीपूर्वी सुमारे एक महिना, पुन्हा सुमारे एक आठवडा, आणि मुदत संपल्यावर पाच दिवसांच्या आत, अशा तीन सूचना रजिस्ट्रारने पाठवावयाच्या असतात. परंतु त्या जातात नोंदीतल्या पत्त्यावर. तो पत्ता मृत असेल तर सूचना पाठवली गेली आणि मिळाली नाही, ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी ठरतात. मोठ्या संस्थाही यातून सुटलेल्या नाहीत. 1999 च्या नाताळात मायक्रोसॉफ्टच्या पासपोर्ट.कॉम या नावाचे 35 डॉलर भरावयाचे राहून गेले आणि हॉटमेलच्या ग्राहकांना आपली पत्रे उघडता येईनात. अखेर कंपनीशी काही संबंध नसलेल्या एका संगणक-सल्लागाराने स्वतःच्या खिशातून ती रक्कम भरली.

वरील क्रम वाचून कोणास वाटेल की चांगली नावे शेवटच्या दिवशी पुसली जातात आणि मग ज्याला हवी तो घेतो. व्यवहारात तसे क्वचित घडते. नोंदणी करतेवेळी आपण जो करारनामा न वाचता मान्य करतो, त्यात बहुधा असे कलम असते की मुदत संपलेले नाव रजिस्ट्रारने दुसऱ्यास देण्यास हरकत नाही. त्याच्या आधारे मोठे रजिस्ट्रार सवलतीच्या अवधीतच नाव लिलावात काढतात. ज्याची बोली सर्वांत वरची त्याच्या खात्यावर नाव वर्ग होते. नोंद पुसली न गेल्याने नावाची मूळ जन्मतारीखही कायम राहते. काही ठिकाणी लिलाव चालू असतानाही मूळ धनी पैसे भरून नाव परत घेऊ शकतो, आणि मग जिंकणाऱ्यास त्याची रक्कम परत मिळते. लिलाव म्हटला की लबाडीही आलीच. 2009 साली स्नॅपनेम्स या लिलाव चालविणाऱ्या कंपनीने स्वतःच जाहीर केले की तिचा एक माणूस 2005 पासून टोपणनावाने बोली लावीत होता. त्यामुळे ज्यांना अधिक किंमत मोजावी लागली त्यांना व्याजासह पैसे परत देऊ करण्यात आले. बाजारातील लिलावात पुकारणाऱ्याचाच माणूस गर्दीत उभा करण्याची युक्ती जुनी आहे. येथे गर्दी दिसत नसल्याने ती अधिक सोपी झाली, इतकेच.

लिलावात न विकलेली नावे खाली पडतात, आणि तेथे ‘बॅकऑर्डर’ उपयोगी पडते. बॅकऑर्डर म्हणजे नाव सुटेल त्या क्षणी ते आपल्यासाठी पकडावे अशी आगाऊ सोपवलेली कामगिरी. मालाची आगाऊ मागणी नोंदवावी तशी ही मागणी नव्हे. तेथे माल केव्हातरी येणारच असतो. येथे तो येईलच याची हमी नसते, आणि मूळ धन्याने आयत्या वेळी पैसे भरले तर सर्वच प्रयत्न फुकट जातो. नाव हाती आले तरच बहुतेक ठिकाणी शुल्क पडते. नोंद पुसली जाताच रजिस्ट्रीकडे नोंदणीच्या मागण्यांचा वर्षाव होतो आणि जिची मागणी प्रथम पोहोचते ती संस्था नाव मिळवते. हा क्षण सेकंदाच्या अंशाचा असतो, तेथे माणसाच्या हाताचे काम नाही. रजिस्ट्री प्रत्येक रजिस्ट्रारला ठराविक मर्यादेतच मागण्या करू देते, म्हणून या धंद्यातील कंपन्यांनी एकाच छत्राखाली शेकडो रजिस्ट्रार-परवाने मिळवून ठेवले आहेत. रांगेत एकाच कुटुंबातील शेकडो माणसे उभी करण्यातला हा प्रकार आहे. एकाच नावावर अनेकांची बॅकऑर्डर असेल, तर पकडलेल्या नावाचा त्यांच्यात पुन्हा लिलाव होतो.

आता भाषाभ्यासकाच्या दृष्टीने महत्त्वाचा प्रश्न. या लिलावांत विकत घेतली जाते ती वस्तू कोणती?

काही खरेदीदारांना निव्वळ अक्षरांचा आकार हवा असतो. रोमन लिपीतील तीन अक्षरांची नावे 17,576 आणि चार अक्षरांची 4,56,976 होतात; .कॉममध्ये तीन अक्षरांचे कोरे नाव पुष्कळ वर्षांत कोणाला मिळालेले नाही. साहजिकच सुटलेल्या नावासाठी झुंबड उडते. या व्यापाऱ्यांनी एक वर्णपद्धतीच बसवली आहे. व्यंजन, स्वर, व्यंजन, स्वर अशा घडणीचे नाव उच्चारास सुलभ म्हणून महाग. 2015 च्या सुमारास चिनी खरेदीदार बाजारात उतरले आणि मूल्यमापन उलटे झाले. पिनयिन या रोमन लेखनपद्धतीत आय, यू आणि व्ही यांनी कोणतेही पद सुरू होत नाही, ए, ई आणि ओ यांनी फार थोडी सुरू होतात. शब्दांच्या आद्याक्षरांचा संक्षेप करण्यास ही सहा अक्षरे निरुपयोगी, म्हणून ती नसलेली चार व्यंजनांची नावे एकाएकी मौल्यवान ठरली. इंग्रजी कानाला जे उच्चारताही येत नाही त्याला सर्वाधिक भाव मिळाला. वर्णसंयोगांचे मूल्य भाषासापेक्ष असते हे आपण वर्गात सांगतो. त्याचा रोखीतला पुरावा या लिलावांनी दिला. मराठीच्या बाबतीत रोमन लिपी निराळीच अडचण करते. के-ए-एल-ए या चार अक्षरांत आपले ‘कला’, ‘कळा’, ‘काला’ आणि ‘काळा’ असे चार शब्द दाटीवाटीने राहतात, आणि नाव एकालाच मिळते. 2014 पासून .भारत या देवनागरी प्रत्ययाखाली नावे नोंदता येऊ लागली. तेथे ‘ल’ आणि ‘ळ’ यांचा भेद राखला जातो, हे लाभाचेच होय.

परंतु बोलीचे शब्दसंग्रह ठेवणाऱ्या नावाला चार अक्षरांचे सौंदर्य नसते. ते जुगारवाल्याने कशासाठी घ्यावे? याचे उत्तर नावाच्या बाहेर आहे. दहा वर्षांत त्या नावाकडे ग्रंथालयांनी, विद्यापीठांनी, अन्य अभ्यासकांनी दुवे दिलेले असतात. शोधयंत्रे त्या दुव्यांवरून स्थळाची पत ठरवितात. धनी बदलला तरी दुवे तेथेच बोट दाखवीत राहतात. खरेदीदार अक्षरे घेत नाही. इतरांनी त्या अक्षरांवर ठेवलेला विश्वास तो घेतो, आणि ज्यांनी विश्वास ठेवला त्यांना कोणी विचारीत नाही. हा प्रकार इतका बोकाळला की 2024 च्या मार्चमध्ये गूगलने मुदत सरलेल्या नावांचा असा वापर आपल्या नियमांत निषिद्ध म्हणून स्वतंत्रपणे नोंदवला.

‘संकेतस्थळ’ हा शब्द ज्यांनी रूढ केला त्यांच्या मनात संस्कृत काव्यातील भेटीची जागा होती की नव्हती, कोण जाणे. संकेतस्थळी जाऊन प्रियकर न भेटलेल्या नायिकेला साहित्यशास्त्राने विप्रलब्धा असे नाव दिले आहे. तळटीपा पडताळून पाहणाऱ्या वाचकाची आजची अवस्था त्याहून बिकट आहे. तिला निदान तेथे दुसरेच कोणी भेटत नसे.

ही गोष्ट न्यायालयांनाही चुकलेली नाही. 2011 साली ब्राऊन विरुद्ध एंटरटेनमेंट मर्चंट्स असोसिएशन या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती सॅम्युएल अ‍ॅलिटो यांनी आपल्या स्वतंत्र मतपत्राच्या एका टीपेत एका संकेतस्थळाचा आधार दिला. पुढे ते नाव सुटले, कोणा विनोदी माणसाने ते घेतले आणि न्यायालयीन निर्णयांत असे क्षणभंगुर आधार देणाऱ्यांची थट्टा करणारे पान तेथे लावले. झिट्रेन, अल्बर्ट आणि लेसिग यांनी 2014 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात त्या न्यायालयाच्या निर्णयांतील निम्मे दुवे मूळ मजकुरापर्यंत पोहोचवीत नाहीत असे आढळले. त्यांनी तपासलेल्या विधिविषयक नियतकालिकांत हे प्रमाण 70 टक्क्यांहून अधिक होते. यावर उपाय म्हणून लेखांना कायमचा क्रमांक देणारी डीओआय पद्धती आपण वापरतो, आणि वापरावीच. तथापि तिचाही पाया एका डोमेन-नावावर आहे. 2015 च्या जानेवारीत डीओआय.ऑर्ग या नावाचे नूतनीकरण नजरचुकीने राहिले आणि जगभरचे कायमचे दुवे काही काळ बंद पडले.

आमच्या शब्दसंग्रहाचे काय झाले ते शोधून काढले. प्रकल्पाचे नाव प्रकल्प-सहायकाने स्वतःच्या पत्त्यावर नोंदवले होते. अनुदान संपले, सहायक अन्यत्र नोकरीस गेले, प्रकल्पाचा ईमेल बंद करण्यात आला आणि तिन्ही सूचना त्या बंद दारावर पोहोचल्या. सोडवणुकीची मुदत चालू होती की नव्हती हा प्रश्नच उद्भवला नाही, कारण नाव त्यापूर्वीच लिलावात गेले होते. तक्रारीची वाटही बंद होती. 1999 पासून चालू असलेल्या वादनिवारण पद्धतीत फिर्यादीस त्या नावावर व्यापारचिन्हाचा हक्क दाखवावा लागतो, आणि बोलीच्या नावावर तो कोणी व कसा दाखवावा? विद्यार्थिनीच्या टीपेत आता इंटरनेट अर्काइव्हवरील प्रतीचा पत्ता व पाहिल्याची तारीख घातली आहे. सुदैवाने तेथे शब्दसंग्रहाची बहुतेक पाने जतन झाली आहेत. ध्वनिफिती मात्र मिळाल्या नाहीत. त्या बोलीच्या दोन निवेदिका आज हयात नाहीत.

नव्या धन्याची मुदत येत्या मार्चात संपते. जुगारवाले एका नावाचा रस शोषून झाला की बहुधा पुन्हा पैसे भरीत नाहीत, म्हणून आम्ही बॅकऑर्डर लावली आहे. ती विभागाच्या नावे लावावी असा प्रयत्न केला. लेखा शाखेने विचारले की लिलावातील बोलीचा खर्च कोणत्या शीर्षाखाली टाकावा, आणि माल मिळण्याची खात्री नसता मागणीपत्र कसे काढावे. दोन्ही प्रश्न नियमास धरून आहेत. उत्तर येईपर्यंत बॅकऑर्डर आमच्या एका सहकाऱ्याच्या वैयक्तिक नावे आणि वैयक्तिक ईमेलवर आहे.